पाऊणपट भरती आणि गणिताची परिषद

गेल्या डिसेंबरात रत्नागिरीतील एका महाविद्यालयात संख्या-सिद्धान्तावर तीन दिवसांची परिषद भरली होती आणि तिला मी गेले होते. मी गणिती नाही. कोकण किनाऱ्यावरच्या भरती-ओहोटीच्या नोंदी हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे. माझ्या कामात गणित लागते, पण ते तयार अवजारासारखे हाताशी असते. ते अवजार घडवणारी माणसे एकमेकांशी कसे बोलतात, हे मी कधी पाहिले नव्हते. घरापासून वीस मिनिटांच्या अंतरावर ती माणसे येणार आहेत असे कळल्यावर मी नावनोंदणीचा अर्ज भरला आणि ‘विषयातील पूर्वानुभव’ या रकान्यात प्रामाणिकपणे ‘नाही’ असे लिहिले. दोन दिवसांनी होकार आला.

आमच्या क्षेत्रातल्या परिषदांना रंगीत आलेखांची सवय असते. इथे पहिल्याच व्याख्यानाला वक्त्यांनी पडदा वर करायला सांगितले, फळा ओल्या फडक्याने पुसून घेतला, तो वाळेपर्यंत शांतपणे थांबले आणि मग खडूने डाव्या कोपऱ्यातून लिहायला सुरुवात केली. लिहिण्याच्या वेगानेच ते बोलत होते, त्यामुळे ऐकणाऱ्यालाही विचार करायला तेवढाच वेळ मिळत होता. पंधराव्या मिनिटाला माझा धागा सुटला. तेवढ्यात पहिल्या रांगेतील एक ज्येष्ठ प्राध्यापक हात वर करून म्हणाले, “तिसऱ्या ओळीवरून चौथीवर कसे आलात, ते मला समजले नाही.” सभागृहात कोणालाही त्याचे आश्चर्य वाटले नाही. वक्ते मागे वळले, तिसऱ्या ओळीपाशी काही क्षण उभे राहिले आणि दोन ओळींच्या मध्ये आणखी तीन ओळी त्यांनी लिहिल्या. त्या तीन ओळी मलाही समजल्या. ‘समजले नाही’ हे वाक्य त्या तीन दिवसांत मी कितीतरी वेळा ऐकले आणि ते बहुतेक वेळा सर्वांत अनुभवी माणसाच्या तोंडून आले. मला याचे फार मोल वाटले, कारण आमच्याकडे ते वाक्य उच्चारायला धैर्य लागते.

पहिल्या दिवसाची उरलेली व्याख्याने माझ्या डोक्यावरून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळचे व्याख्यान मात्र मी शब्द न् शब्द टिपून घेतले. विषय होता : ज्या संख्या अपूर्णांकात पुरतेपणी मांडताच येत नाहीत, त्यांच्या जवळ साध्या अपूर्णांकांनी किती जाता येते? छेद वाटेल तितका मोठा घेतला तर वाटेल तितकी अचूकता मिळते, हे उघड आहे. त्यामुळे खरा प्रश्न असा की, छेदाच्या मानाने अचूकता किती मिळाली? जर्मन गणिती हुर्विट्झ यांनी १८९१ मध्ये दाखवून दिले की, अशा कोणत्याही अपरिमेय संख्येसाठी असे अगणित अपूर्णांक सापडतात की ज्यांची चूक छेदाच्या वर्गाच्या √५ पटीने एकाला भागून येणाऱ्या संख्येपेक्षा कमी असते. आणि सुवर्ण गुणोत्तरासारख्या हट्टी संख्येच्या बाबतीत या √५ च्या पुढे जाता येत नाही.

यानंतर वक्त्यांनी फळ्यावर π साठी दोन अपूर्णांक लिहिले, २२/७ आणि ३९२७/१२५०. दोन्ही भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एकाच श्लोकात आलेले आहेत. दुसऱ्याला भास्कराचार्य ‘सुसूक्ष्म’ म्हणतात आणि पहिल्याला ‘स्थूल’. पण स्थूल म्हणून ते थांबत नाहीत, ‘व्यवहारयोग्य’ असाही शब्द जोडतात. वक्त्यांनी त्या दोहोंखाली ३५५/११३ हा तिसरा अपूर्णांक लिहिला. त्याचा छेद १२५० च्या दहाव्या हिश्शापेक्षाही लहान आहे आणि तरी तो सुसूक्ष्म किमतीपेक्षा पंचवीस पटींहून अधिक अचूक आहे. अपूर्णांकाच्या पोटात अपूर्णांक मांडत गेले की असे मोक्याचे अपूर्णांक एकामागून एक हाती येतात : ३, २२/७, ३३३/१०६, ३५५/११३. यातला एक π पेक्षा कमी, पुढचा जास्त, त्यापुढचा पुन्हा कमी. “चूक किती आहे हे सगळे विचारतात,” वक्ते म्हणाले, “चूक कोणत्या बाजूला आहे, हेही विचारत जा.” मी या वाक्याखाली दोन रेघा ओढल्या.

‘लीलावती’वर १५४५ मध्ये ‘बुद्धिविलासिनी’ हे भाष्य लिहिणारे गणेश दैवज्ञ मूळ आपल्याच किनाऱ्यावरचे, मुरुड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावचे. त्याआधी १५२० मध्ये त्यांनी ‘ग्रहलाघव’ लिहिले आणि त्यात ग्रहगणितातून ‘ज्या’ (साइन) आणि ‘चाप’ (वर्तुळकंस) यांची गणिते साफ काढून टाकून त्यांच्या जागी साधे गुणाकार-भागाकार आणले. समुद्रकाठच्या गावात बसून एक माणूस, किती चूक चालेल आणि ती कुठे चालेल, हे तोलत होता, ही कल्पना मला त्या सकाळी फार जवळची वाटली. कारण मी ज्या गोष्टीवर काम करते तिच्याबद्दल किनाऱ्यावरची माणसे पिढ्यान् पिढ्या असाच एक हिशेब वापरत आली आहेत.

चहाच्या वेळी मी तो हिशेब पहिल्या रांगेतल्या त्या प्राध्यापकांना सांगितला. कोकणात भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणून तीन वाजता पूर्ण भरती, दुपारी आणि पहाटेही. अष्टमीला सहा. पंधरा तिथी झाल्या की पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचे. सरांनी पोह्यांची बशी खिडकीत ठेवली आणि ते सरळ फळ्याकडे गेले.

“एका चांद्रमासात तिथी तीस,” ते म्हणाले. “तेवढ्या काळात चंद्र सूर्याच्या मागे पडत पडत पूर्ण एक फेरी हरतो, म्हणजे भरतीची वेळ एकंदर चोवीस तासांनी सरकते. चोवीस भागिले तीस म्हणजे ४/५ तास, अठ्ठेचाळीस मिनिटे. तुमचे लोक पंचेचाळीस धरतात.” त्यांनी पुढे पौर्णिमेचा हिशेब मांडला : १५ गुणिले ४/५ बरोबर बारा, आणि पाऊणपटीने मात्र सव्वा अकरा. पक्षाच्या अखेरीस पाऊण तासाचा फरक साचतो आणि प्रतिपदेला मोजणी नव्याने सुरू झाल्यामुळे तो पुसला जातो. इथपर्यंत मला नवीन काही नव्हते. पण नंतर त्यांनी जे विचारले ते मी इतक्या वर्षांत स्वतःला विचारलेले नव्हते. “४/५ ही काही अपरिमेय संख्या नाही. तिचा छेद पाचच आहे. बरोबर उत्तर इतक्या हाताशी असताना तुमचे लोक चारच्या छेदावर का थांबले?”

मी जे उत्तर दिले ते मला आजही पटते. माझे आजोबा पाऊणकी म्हणत असत : दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी ही सगळी त्यांना तोंडपाठ होती. चार-पंचमांशाचा पाढा मात्र कोणी केलाच नाही. ज्या अपूर्णांकाचा पाढा जिभेवर आहे तोच अंधारात, होडीत, पाटी-पेन्सिलीवाचून वापरता येतो. सरांनी मान डोलावली, पण त्यांचे समाधान झाले नव्हते हे मला दिसत होते.

आमचे बोलणे एक गृहस्थ बाजूला उभे राहून ऐकत होते. तालुक्याच्या गावी शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, माझ्यासारखेच कुतूहलापोटी स्वखर्चाने आलेले. पहिल्या दिवशी जेवताना त्यांनी कागदी रुमालावर मला कापरेकरांचा खेळ करून दाखवला होता. कापरेकर १९०५ साली डहाणूला, म्हणजे याच किनाऱ्याच्या उत्तर टोकाकडे जन्मले. आयुष्यभर देवळालीला शाळामास्तर होते. गुरुजींनी तेच साल घेतले. १९०५ चे अंक उतरत्या क्रमाने ९५१०, चढत्या क्रमाने ०१५९, वजाबाकी ९३५१. तेच पुन्हा करायचे : ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या वजाबाकीला ६१७४. इथून पुढे कितीही वेळा केले तरी ६१७४ च. चारही अंक सारखे नसले की कोणतीही चार अंकी संख्या सात पायऱ्यांच्या आत किंवा सातव्या पायरीला इथे येऊन थांबते. कापरेकरांच्या जन्मसालाला पुऱ्या सात लागतात. हा शोध त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. त्या काळी पुष्कळांनी त्यांच्या कामाला किरकोळ मानले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिले, तेव्हा कुठे जगाला त्यांचे नाव कळले. पदव्युत्तर पदवी नसलेला एक शाळामास्तर परिषदेत उभा राहून आपली वजाबाकी मांडतो आहे, हे चित्र गुरुजींनी इतक्या आदराने सांगितले की तो रुमाल मी जपून ठेवला आहे.

तर तेच गुरुजी फळ्यापाशी आले आणि म्हणाले, “तास सोडा, घटिका घ्या.” त्यांनी खडू घेतला. दिवसाच्या घटिका साठ, महिन्याच्या तिथी तीस; साठ भागिले तीस, दोन. घटिका चोवीस मिनिटांची, दोन घटिका म्हणजे बरोबर अठ्ठेचाळीस मिनिटे. जुन्या कालमापनात हा नियम अपूर्णांकाचा उरतच नाही : तिथीच्या दुप्पट घटिका. चतुर्थीला आठ, अष्टमीला सोळा, पौर्णिमेला तीस, म्हणजे अर्धा दिवस. सर थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग त्यांनी “फारच सुंदर” म्हणून ती ओळ चौकटीत घातली. मी भरतीच्या नोंदी इतकी वर्षे हाताळते आहे, पण हा दोनाचा आकडा मला कधी दिसला नव्हता, कारण मी नेहमी मिनिटांतच मोजत आले.

प्रश्न उरला होताच. परिषद संपल्यावर संध्याकाळी मी भाट्याच्या खाडीवर गेले. वडिलांचे जुने स्नेही तात्या तिथे जाळे दुरुस्त करत बसले होते. पाऊणपटीने सरासरीच्या आधीची वेळ येते हे त्यांना ठाऊक आहे का, असे मी विचारले. हातातली सुई न थांबवता ते म्हणाले, “बाय, पाणी भरायच्या आधी पोचलीस तर बसून राहशील. पाणी उतरल्यावर पोचलीस तर होडी सा तास चिखलात.” काजळी नदी जिथे समुद्राला मिळते तिथे खाडीच्या मुखाशी वाळू साचते आणि तिच्यावरून होडी काढायला भरतीचे पाणी लागते. “आणि भांगाला तर आधीच जायचं. तेव्हा पाणीच कमी चढतं.” भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासची लहान भरती.

चूक कोणत्या बाजूला आहे, याचे उत्तर मला तिथे मिळाले. ३/४ ही संख्या ४/५ पेक्षा लहान आहे, म्हणून नियम सरासरीने माणसाला लवकर आणून सोडतो. पण तात्यांच्या दुसऱ्या वाक्याने मला घरी येऊन पुन्हा कागद काढायला लावला. अठ्ठेचाळीस मिनिटे ही फक्त सरासरी आहे. भरती चंद्राइतकी नसली तरी सूर्याचीही असते. चंद्राच्या भरतीचा फेरा सुमारे १२ तास २५ मिनिटांचा आणि सूर्याचा १२ तासांचा, त्यामुळे दोघांच्या ओढीची बेरीज कधी पुढे सरकते, कधी मागे राहते. उधाणाच्या दिवसांत रोजचा उशीर चाळीस मिनिटांच्याही खाली येतो आणि भांगाच्या दिवसांत तासाच्या वर जातो. म्हणून कोणत्याही एका संख्येने गुणून खरी वेळ पक्षभर मिळणे शक्यच नाही, ४/५ नेही नाही. अमावास्येची भरती बरोबर बाराची धरून मी मांडून पाहिले, तर पक्षाच्या पहिल्या चार-पाच तिथींना ४/५ पेक्षा पाऊणपटच खऱ्या वेळेच्या जवळ राहते. नवमी-दशमीला मात्र ती तासाहूनही अधिक आधीची वेळ सांगते. हेच ते दिवस, जेव्हा पाणी कमी चढते आणि लवकर जाऊन थांबणे शहाणपणाचे ठरते.

हे सगळे मी सरांना कळवले. त्यांचे उत्तर दुसऱ्याच दिवशी आले आणि त्यात तीन प्रश्न होते. पंचांगातली तिथी सूर्योदयाची असते, तर तिच्या कमी-जास्त लांबीमुळे किती फरक पडतो? प्रत्येक बंदराची भरती थोडी मागेपुढे असते, तर भाट्याचा स्वतःचा फरक किती? आणि सर्वांत मोठी चूक नेमकी कोणत्या तिथीला येते? पहिल्याचे उत्तर कागदावर काढता येईल. उरलेल्या दोहोंसाठी खाडीवर उभे राहून पाणी पाहावे लागेल, म्हणून या प्रतिपदेपासून मी भाट्याच्या पुलाजवळ रोज नोंद घेते आहे. वहीत चार रकाने आहेत : पाऊणपट, दोन घटिकांचा हिशेब, सूर्याची ओढ धरून काढलेली वेळ आणि डोळ्यांनी पाहिलेली वेळ. उद्या दशमी. पहिला रकाना साडेसात सांगतो, दुसरा आठ आणि तिसरा साडेआठच्याही पुढे. मी सातला पुलावर असेन. तात्या येणार आहेत, आणि गुरुजींनी पहाटेच्या एसटीने निघतो असे कळवले आहे.