हिमाचलातल्या तीर्थन नदीवर मार्चात ट्राउट मासेमारी: जाणार असाल तर आधी हे वाचा

"मार्चात सीझन उघडतो, मासे भुकेलेले असतात, फ्लाय टाकली की लागलाच" असं आम्हाला फोनवर सांगितलं होतं (फ्लाय म्हणजे पिसं-धागे बांधून किड्यासारखा केलेला गळ). सीझन उघडतो हे खरंय, हिमाचलात १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउटला बंदी असते, विणीचा काळ म्हणून. पण पाण्याचं कोणी बोलत नाही. सकाळी थर्मामीटर बुडवला तर ४ डिग्री! एवढ्या गार पाण्यात ब्राउन ट्राउट तळाला दगडाआड बसून राहतो, अगदी तोंडापुढून काही वाहत गेलं तरच तोंड उघडतो. त्यामुळे ड्राय फ्लाय, म्हणजे पाण्यावर तरंगणारी, घरीच ठेवा. जड बीडहेड निंफ घ्या (डोक्याला मणी असलेली, बुडणारी फ्लाय), फेझंट टेल किंवा हेअर्स इअर प्रकारची, १४ नंबरच्या हुकाची, आणि ती तळाला घासत, लाइनची ओढ न लागता वाहू द्या. पहाटे उठून काही मिळत नाही, ११ ते ३ हीच वेळ.

आता गुशैनी गावचं. तिथे फलाचन नदी येऊन तीर्थनला मिळते, त्या संगमाच्या वरच्या टप्प्यात गाइडने आम्हाला उतरवलं. मोठमोठे गोटे, त्यांच्यावर शेवाळ, मधे कमरेएवढं पाणी आणि ओढ भयंकर. भाड्याचे वेडर्स (पाण्यात उतरायची छातीपर्यंतची वॉटरप्रूफ विजार) दिले त्यांना कमरेचा पट्टाच नाही, बुटांना साधा रबरी सोल. माझा मित्र घसरला आणि वेडर्समधे पाणी भरलं, दोघांनी धरून काठावर ओढला तेव्हा त्याला बोटं मिटता येत नव्हती, दात वाजत होते आणि गाइडचं एकच, "कुछ नहीं होता सर". होतं! पट्टा नसेल तर पाण्यात पाय घालू नका, फेल्ट सोलचे (नमद्याच्या तळाचे, कमी घसरणारे) बूट आणि काठी स्वतःची न्या, कोरड्या कपड्यांचा एक जोड काठावर ठेवा. आणि हा टप्पा मार्चात करूच नका, कोणी कितीही भरीला घातलं तरी. नगिनी गावाच्या बाजूला काठावरून टाकता येईल अशा जागा आहेत, तिथे जा.

पैशांचं पण सांगतो. लायसन्सचे म्हणून माणशी हजार घेतले, पावती मागितल्यावर टाळाटाळ. लायसन्स मत्स्य विभागाचं असतं, रोजचं असतं आणि फी पावतीवर छापलेली असते, ती हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. फ्लाय रॉडचं भाडं घेऊन हातात स्पिनिंग रॉड (रिळाचा साधा रॉड, फ्लायसाठी नाही) आणि स्पून (चमच्यासारखं धातूचं आमिष) ठेवला ते वेगळंच. आपला ५ वेटचा (५ नंबरच्या लाइनचा) फ्लाय रॉड न्या, विषय संपला.

दिल्ली-मनाली बसने औटला उतरायचं, पुढे बंजारमार्गे टॅक्सी. बाकी दिवस छान गेले.

आणि हो, नगिनीला दुपारी एकच्या सुमाराला लागला! लाल ठिपके, भोवती फिकट कडी, हात ओले करून धरला, बार्बलेस (उलटा काटा नसलेला) हूक होता म्हणून चटकन सुटला आणि गेला. एवढ्यासाठी मी उद्या परत जाईन, फक्त एप्रिलात.