गार असताना टायमिंग बरोबर, गरम झाली की उलटी किक

साताऱ्यात गॅरेज टाकलं की जुन्या बुलेट येतातच, त्यात फौजींच्या जास्त. ही ८४ची साडेतीनशे सीसी, पॉइंटवाली, म्हणजे उघडझाप करून स्पार्क पाडणारे कॉन्टॅक्ट असलेली. मालक रिटायर फौजी, आमच्याकडं अशा सगळ्यांना मेजरच म्हणतात, रँक कोण विचारत बसतंय. आले तेच लंगडत. सकाळी म्हणे एका किकला चालू होते, पण कुठं चहाला थांबून परत किक मारली की असा झटका देते की पाय पार झिणझिणतो. "टायमिंग लावून झालंय दुसरीकडं, तू काय वेगळं करणार?"

उलटी किक म्हणजे स्पार्क लवकर पडतोय, पिस्टन वर पोचायच्या आतच त्याला खाली ढकलतोय, एवढं कुणीही सांगेल. म्हणून मी पण टायमिंगच, म्हणजे स्पार्क नेमका कधी पडतो तेच, बघितलं आधी. प्लग काढला, चौथा गिअर टाकून मागचं चाक हातानं फिरवलं आणि टॅपेट कव्हर उघडून दोन्ही पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्या) बोटांनी सुटे फिरतायत ना ते बघितलं, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद आणि टीडीसी, पिस्टनचं सगळ्यात वरचं टोक, कॉम्प्रेशनचाच. पॉइंटचा गॅप ०.३८ मिलिमीटर, ०.३५ ते ०.४० चालतो. गॅप पहिला बघायचा, कारण तो हलला की टायमिंग सरकतंच, पोरं नेमकं उलटं करतात. मग स्विच ऑन करून ॲमीटरवर, करंट दाखवणाऱ्या काट्यावर, नजर. पॉइंट जोडलेले असले की काटा मायनसला, उघडले की शून्यावर, आणि स्पार्क तेव्हाच पडतो. काटा परत आला तेव्हा पिस्टन टीडीसीच्या ०.८ मिलिमीटर अलीकडं. एकदम बरोबर!

म्हणजे लावणाऱ्यानं काम चोख केलेलं. मी विचारलं, मेजर गरम झाल्यावर आयडलिंग चढतं का? म्हणाले हो, म्हणून तर स्लोचा स्क्रू कमी करत असतो. तिथंच डोक्यात आलं, कारण ०.८ हा आकडा ॲडव्हान्सची वजनं, म्हणजे इंजिनचा वेग वाढला की बाहेर उघडून स्पार्क लवकर पाडणारी, मिटलेली असतानाचा, आणि ती मिटतायत का हे गार इंजिनवर कळणार कसं.

गाडी काढली, यवतेश्वरचा घाट चढवून आणली, आल्या आल्या बंद करून पॉइंटचं झाकण उघडलं, हात भाजत होता. पॉइंट उघडणारा कॅम बोटांनी फिरवून सोडला की स्प्रिंगनं टपकन मागं यायला पाहिजे, हा आधीच पुढं जाऊन बसलेला आणि मागं ढकलला तर कुरकुरत सरकला. मेजरांना बोलवून दाखवलं, शिव्या घातल्या त्यांनी, कुणाला ते माहीत नाही.

मधला बोल्ट ढिला करून वजनांचं युनिट टेपरवरून, म्हणजे शाफ्टच्या निमुळत्या टोकावरून, सोडवलं. पिनवर गंज, ग्रीस वाळलेलं, एक स्प्रिंग ताणून सैल पडलेली. गरम झाल्यावर फट कमी होऊन कॅम अडकायचा, गार झाला की येत असणार जागेवर. रॉकेलनं धुतलं, बारीक पॉलिश पेपर मारला, ऑइलचा थेंब, स्प्रिंगांची जोडी नवी. एकच बदलायची नाही, दोन्ही वजनं सारखी उघडायला पाहिजेत. युनिट टेपरवरून निघालं की टायमिंग पहिल्यापासून लावावंच लागतं, ते लावलं.

परत घाट, परत बंद, आणि गरम इंजिनवर मेजरांनी स्वतः किक मारली, जरा बिचकतच. चालू. मग म्हणतात आता इलेक्ट्रॉनिक किटच टाकू का? म्हणलं टाका की, पण बघून घ्या, काही किटमधे पॉइंट तेवढे जातात, वजनं आणि स्प्रिंगा ह्याच राहतात.