तुम्ही विचारलंत म्हणून : कॉलेजात एनएसएसला नाव द्यावं का?

बारावीचा निकाल लागून प्रवेश सुरू झाले की हा प्रश्न हमखास येतो. कधी मुलं विचारतात, बहुतेक वेळा पालक. "मॅडम, एनएसएसला नाव द्यायचं म्हणतोय. अभ्यासाचं नुकसान नाही ना व्हायचं?" आणि जरा थांबून, "पुढे त्याचा उपयोग काय?" मी नाशिकच्या एका कॉलेजात शिकवते. काही वर्षं एनएसएसची, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेची, कार्यक्रम अधिकारी होते, त्याआधी विद्यार्थी असताना स्वयंसेवक होते. फोनवर दोन मिनिटांत याचं धड उत्तर देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

नाव जरूर द्या. एनएसएसला द्या, ते जमत नसेल तर दुसऱ्या कशाला तरी द्या. फक्त ठरवताना एक बघा: आपण गेलो नाही तर कोणाचं काही अडणार आहे का? जिथे तुमची वाट बघणारं कोणीतरी आहे, ते काम धरा. टोपी, टी-शर्ट, फोटो, प्रमाणपत्र हे सगळं मागाहून येतं.

अभ्यासाची काळजी आधी मिटवते. एनएसएस सुरू झाली २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, देशातल्या ३७ विद्यापीठांत. तेव्हापासून तिचा हिशोब साधारण तोच आहे: वर्षाला १२० तास, दोन वर्षांचे मिळून २४०, आणि कॉलेजनं कामासाठी दत्तक घेतलेल्या गावात सात दिवसांचं एक शिबिर. १२० तास म्हटलं की पालक दचकतात. पण वर्षभरात वाटले तर आठवड्याला अडीच तासांच्याही आत बसतात. एवढ्यानं कोणाचा अभ्यास बुडत नाही. आता नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या आराखड्यात एनएसएस, एनसीसी, खेळ, कला यांना श्रेयांकही आहेत, म्हणजे ज्याला क्रेडिट म्हणतात ते. त्यामुळे "मार्क मिळतात का" या प्रश्नाचं उत्तर हो असं आहे. पण केवळ त्यासाठी आलेली मुलं दुसऱ्या वर्षी दिसत नाहीत, हेही तितकंच खरं.

आता शिबिराबद्दल, कारण सगळ्यात जास्त शंका त्याच्याचबद्दल असतात, विशेषतः मुलींच्या घरून.

आमची शिबिरं नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्याच्या बाजूला होत. ज्यांनी तो भाग फक्त पावसाळ्यात, हिरवा पाहिलाय, त्यांना पटणार नाही, पण तिथे मार्च-एप्रिलमध्ये बायका हंडे घेऊन डोंगर उतरतात. पाऊस धो-धो पडतो आणि उतारावरून तसाच निघून जातो. दमणगंगा, नार, पार या नद्यांची धाव पश्चिमेकडे, समुद्राकडे. खाली काळा पाषाण, वर मातीचा पातळ थर. पाणी मुरायला जागा नाही आणि थांबायला अडसर नाही. तिथे मुलांच्या हातून होण्यासारखं सगळ्यात उपयोगी काम म्हणजे वनराई बंधारा, मातीनं भरलेल्या गोण्या ओहोळात रचून पाणी अडवणारा तात्पुरता बांध. मोहन धारियांनी १९८६ मध्ये स्थापन केलेल्या 'वनराई' संस्थेमुळे हे नाव रुळलं. खर्च जवळजवळ नाहीच. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, सुतळी, दाभण, फावडी, घमेली आणि माणसं.

पण तो नीट बांधणं हे कसब आहे. मुलं पहिल्यांदा गोणी गच्च भरतात. अशी गोणी रचली की टरबुजासारखी गोल राहते, दोन गोण्यांमध्ये फट पडते आणि पाणी तिथून वाट काढतं. गोणी थोडी रिकामी ठेवायची, तोंड शिवायचं, आडवी टाकून पायानं दाबायची, म्हणजे ती पसरून शेजारच्या गोणीला चिकटते. पाया रुंद, वर निमुळतं. खालच्या थरातला सांधा वरच्या गोणीखाली झाकला गेला पाहिजे, गवंडी विटा लावताना बघतो तसं. आणि पाण्याच्या बाजूनं चिकणमाती थापायची. हे सगळं पुस्तकात असतं. बंधारा नेमका कुठे घालायचा हे मात्र गावातलाच माणूस सांगतो. एका वर्षी तिथल्या एका बाबांनी आमची जागा बघितली, काही बोलले नाहीत, काठीनं ओहोळाच्या कडेची माती उकरून दाखवली. आत सगळा भुसभुशीत मुरूम. पाणी बंधाऱ्याला वळसा घालून कडेनं गेलं असतं. मग ते आम्हाला वर घेऊन गेले, जिथे दोन्ही बाजूंना खडक होता. अभियांत्रिकीला जायची तयारी करणारी दोन मुलं तेव्हा आमच्यात होती. पुढचे दिवस ती त्या बाबांच्या मागे मागे फिरत होती.

आणखी एक. शिबिरं साधारण डिसेंबर-जानेवारीत ठेवतात, कारण तेव्हा परीक्षा झालेल्या असतात. पण ओहोळ परीक्षेचं वेळापत्रक बघून वाहत नाही. जानेवारीत बांधलेल्या बंधाऱ्यामागे अडवायला पाणीच उरलेलं नसतं. म्हणून पाऊस ओसरला की, दिवाळीच्या आसपासच्या एखाद्या रविवारी जाऊन बंधारा घालायचा आणि शिबिरात दुसरी कामं घ्यायची असं आम्ही ठरवलं. अडलेल्या पाण्यावर जनावरं पितात, कोणी कडेला हरभरा पेरतं, खालच्या विहिरीला काही आठवडे जास्त पाणी राहतं. पुढच्या पावसात गोण्या फाटून वाहून जातात आणि बंधारा परत घालावा लागतो. दर वर्षी. म्हणजेच त्या गावात दर वर्षी कोणीतरी तुमची वाट बघत असतं.

मुलींच्या पालकांना मी शिबिराची व्यवस्था आधी दाखवते: राहायची जागा कुठली, सोबत कोणत्या मॅडम, स्वच्छतागृह कुठे, फोन लागतो का. हे विचारणं तुमचा हक्क आहे आणि उत्तर न देणाऱ्या कॉलेजवर विश्वास ठेवू नका. ज्या आईवडिलांनी नाखुशीनं सह्या केल्या, त्यांच्यातले कितीतरी जण समारोपाच्या दिवशी गावात आले आणि नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, भाकरी खाऊन गेले.

शिबिर मोठं असतं, लक्षात राहतं. पण मला विचाराल तर पहिल्या वर्षाच्या मुलामुलींसाठी सगळ्यात चांगलं काम वेगळंच आहे, आणि त्याबद्दल कोणीच विचारत नाही. ते म्हणजे अंध विद्यार्थ्यांसाठी लेखनिक होणं.

परीक्षेत अंध विद्यार्थी उत्तर सांगतो आणि लेखनिक लिहितो. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अशा परीक्षार्थ्याला तासामागे किमान २० मिनिटं जादा मिळतात; म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. लेखनिक साधारणपणे परीक्षार्थ्यापेक्षा खालच्या इयत्तेतला असावा लागतो. म्हणून तिसऱ्या वर्षाच्या हुशार मुलीपेक्षा नुकतंच बारावी झालेलं मूल इथे जास्त कामाचं. कॉलेजात नवीन आलात, काही येत नाही, कोणी ओळखत नाही असं वाटत असेल, तर हे एक काम असं आहे की नवीन असणं हीच त्याची पात्रता आहे.

बसून लिहायचं तर आहे, असं वाटतं. तसं नाही. प्रश्न जसा छापलाय तसा वाचायचा, सुरात कुठे जोर दिला की सूचना दिल्यासारखं होतं. समोरचा चुकीचं सन सांगतोय हे कळलं तरी जे सांगितलं तेच लिहायचं. आपल्याला येणारं उत्तर तोंडावर येऊ द्यायचं नाही. आमची एक विद्यार्थिनी कॉमर्सची, इतिहासाच्या पेपरला लेखनिक म्हणून बसली. परीक्षार्थी तिसऱ्या वर्षाची मुलगी होती. तिनं आधीच सांगितलं, "मी बोलताना तू 'हं' म्हणू नकोस. मला वाटतं उत्तर बरोबर चाललंय." मग ती सांगत गेली: नवीन परिच्छेद, उपशीर्षक, अधोरेखित कर, आता मागच्या उत्तराची शेवटची दोन वाक्यं वाच. पूर्ण उत्तरपत्रिका तिच्या डोक्यात पानांसकट मांडलेली होती. आमची मुलगी बाहेर आली ती म्हणाली, "मॅडम, मी आजपर्यंत पेपर कधी असा लिहिलाच नाही." त्यानंतर तिच्या स्वतःच्या उत्तरांना रचना आली. अभ्यासाचं नुकसान होतं का, या प्रश्नाला माझं एक उत्तर ती मुलगी आहे. आणि ती त्या दिवशी गेली नसती, तर त्या दुसऱ्या मुलीचा पेपर अडला असता. याहून सरळ हिशोब मला माहीत नाही.

विसर्जनाच्या दिवशी गंगेवर, म्हणजे आपल्या गोदाघाटावर, मूर्तिदान आणि निर्माल्य गोळा करायला कॉलेजची मुलं उभी असतात, ते तुम्ही पाहिलंच असेल. ते करावं. ओल्या निर्माल्याचे ढीग हातानं वेगळे केले की नदीत काय काय जातं ते कळतं. पुढचा सिंहस्थ २०२७ मध्ये आहे, तेव्हाही शहराला तरुण हात लागतील. त्यात उतरायचं असेल तर आत्तापासून रामकुंड, पंचवटी, गाडगे महाराज पूल हा भाग पायी फिरून घ्या. गर्दीत हरवलेल्या आजींना वाट सांगणारा आधी स्वतः त्या गल्ल्या ओळखणारा हवा.

रक्तदानाबद्दल थोडक्यात. वय १८ पूर्ण, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन १२.५ लागतं. पहिल्या वर्षाला बरेच जण वयात बसत नाहीत. मुलींपैकी अनेक जणी हिमोग्लोबिनवर अडतात आणि हिरमुसून परत येतात. हिरमुसू नका. तो आकडा घेऊन डॉक्टरांकडे जा. कितीतरी मुलींना आपल्या अंगात रक्त कमी आहे हे पहिल्यांदा त्या रांगेतच कळतं.

आता जे मला सगळ्यात जास्त लागतं ते. आपल्या कॉलेजांत पेठ, दिंडोरी, हरसूल, गिरणारे अशा ठिकाणांहून रोज एसटीनं येणारी मुलं खूप आहेत. पहाटे उठून निघतात आणि संध्याकाळी ठरलेली गाडी गाठावी लागते. आणि कॉलेजातलं सगळं जिवंत आयुष्य, नाटकाच्या तालमी, युवक महोत्सवाची तयारी, बैठका, संध्याकाळी पाचनंतर सुरू होतं. म्हणजे ही मुलं तीन वर्षं कॉलेजात येतात आणि कॉलेजचं अर्धं आयुष्य त्यांच्या पाठीमागे घडतं. मग आपण म्हणतो, ग्रामीण भागातली मुलं पुढे येत नाहीत. त्यांना पुढे यायला बस नसते. आम्ही एनएसएसची बैठक दुपारी, तासांच्या मधल्या वेळात घ्यायला लागलो, तेव्हा कोण कोण आलं ते बघून मी थक्क झाले. बंधाऱ्याची माती ओळखणारी, नागली भाजायला येणारी, पाड्यावरच्या लोकांशी त्यांच्या बोलीत बोलणारी मुलं याच गाड्यांनी येत होती. तुम्ही एखाद्या मंडळाचे सचिव वगैरे झालात, तर काही करायच्या आधी बैठकीची वेळ बदला. एवढ्या एका गोष्टीनं कॉलेज बदलतं.

काही पालक म्हणतात, शिकायच्या वयात शिकावं, समाजसेवा नंतर आहेच. त्यांच्या काळजीचा मला आदर आहे. पोटाला चिमटा काढून मुलांना शिकवणारी ती माणसं आहेत. पण हे शहर बघा. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथे काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे नेटानं चालवला. १९३२ मध्ये त्यात सहभागी झालेल्यांत विशीतले वि. वा. शिरवाडकर होते, आपले कुसुमाग्रज. त्यांचं शिक्षणही याच गावातलं. बाहेर जे चाललंय त्यात उतरण्यासाठी ते पदवी आणि नोकरी मिळायची वाट बघत बसले नाहीत, आणि कविताही कमी लिहिली नाही.

तेव्हा करायचं काय? जुलै-ऑगस्टमध्ये नोंदणी होते, सूचना फलकावर लागते, तिकडे लक्ष ठेवा. पहिल्या बैठकीला गेलात की विचारा, दत्तक गाव कुठलं आणि तिथे किती वर्षं काम चाललंय. दर वर्षी गाव बदलत असेल तर ते का, हेही विचारा. लेखनिक व्हायचं असेल तर सत्र परीक्षेच्या महिनाभर आधी नाव द्या. अंधांसाठी काम करणाऱ्या सातपूरच्या 'नॅब' या संस्थेत चौकशी केलीत तरी चालेल. वेळापत्रक लागलं की सगळीकडे एकदम शोधाशोध सुरू होते, आणि ऐनवेळी मिळालेला लेखनिक परीक्षार्थ्याला थेट परीक्षेच्या खोलीतच पहिल्यांदा भेटतो. तुम्ही आधी भेटा. अर्धा तास बसा, एक जुनी प्रश्नपत्रिका घ्या, त्यांना सांगू द्या आणि तुम्ही लिहा. तुमचं अक्षर वाचता येतं का, हे तिसऱ्या कोणाला तरी दाखवून घ्या.