भाड्याचे बाक

माझं माहेर यवतमाळचं, फ्री मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या मंडळीतलं. आजीच्या अंगावर सोन्याचा मणीसुद्धा नसे. तिच्या लग्नाचा फोटो पाहून पुण्यातल्या माझ्या सासूबाईंनी "हा साखरपुड्याआधीचा का गं?" असं विचारलं होतं. सासर कॅम्पातलं, तेही ख्रिस्तीच, पण तिथे पाटल्या-बांगड्यांना कुणाची हरकत नाही. आम्ही म्हणजे 'कडक' लोक.

हा कडकपणा सुरू झाला बाकांवरून. १८५०च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या अनेक मेथडिस्ट चर्चांत बाक भाड्याने दिले जात. ऐपतवाले चांगल्या जागी, गरिबाने उरेल तिथे बसायचं. बी. टी. रॉबर्ट्स नावाच्या पाळकांनी १८५७ मध्ये लेख लिहून यावर तोफ डागली. मेथडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी शिकवलेलं संपूर्ण पवित्रीकरण, म्हणजे मन पापापासून पुरतं शुद्ध होणं, मागे पडतंय आणि चर्च पैशाकडे बघतंय, असा त्यांचा रोख. कॉन्फरन्सने, म्हणजे त्या भागातल्या मेथडिस्ट पाळकांच्या मंडळाने, त्यांना दोषी धरून समज दिली. पुढच्या वर्षी एका साध्या सभासदाने तोच लेख पुन्हा छापला, तर रॉबर्ट्सना थेट बाहेर काढलं. छापणारा दुसराच, शिक्षा यांना!

२३ ऑगस्ट १८६० रोजी न्यूयॉर्क राज्यातल्याच पेकिन गावी फ्री मेथडिस्ट चर्च स्थापन झालं. बाक सगळ्यांना मोफत, गुलामगिरीला ठाम विरोध, पेहराव साधा. दागिन्यांची बंदी मला त्या बाकांच्या भाड्याची सख्खी जाऊच वाटते. कोण किती पैसेवाला, हे उपासनेत दिसूच नये. जुन्या कॉन्फरन्सने १९१० मध्ये रॉबर्ट्सची पाळकपणाची कागदपत्रं त्यांच्या मुलाच्या हाती परत दिली. रॉबर्ट्स १८९३ मध्येच वारले होते.

पुण्याशीही धागा आहे. यवतमाळला १९५३ मध्ये सुरू झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी, म्हणजे पाळक घडवणारी शाळा, १९८३ मध्ये बिबवेवाडीला आली. आणि केडगावच्या पंडिता रमाबाईंची लेक मनोरमा शिकली ती न्यूयॉर्क राज्यातल्या नॉर्थ चिली गावी, रॉबर्ट्सनीच काढलेल्या शाळेत.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. स्त्रियांनाही पाळकाची दीक्षा द्या, म्हणून रॉबर्ट्सनी १८९१ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांच्याच चर्चने ते पूर्णपणे मानलं १९७४ मध्ये. बायकांच्या गळ्यातलं सोनं मात्र पहिल्या दिवसापासून काढायला लावलं.