मान खाली घालून

खांडसहून गणेश घाटाने भीमाशंकरला जाणारी पायवाट फाल्गुनात चालावी, असे मी सुचवले की लोक हमखास विचारतात, ‘पावसाळ्यात का नको?’ त्यांचे चुकत नाही. सह्याद्रीतील तेरडा, सोनकी, कवला ही जमिनीलगतची रानफुले पावसाची लेकरे. वसंतात सगळा बहर झाडांवर चढून बसतो आणि खाली उरतो तो कुरकुरणारा पाचोळा. तरीही ही वाट मी मान खाली घालूनच चालतो, कारण वर काय फुलले आहे, याची वर्दी खालीच मिळते.

पहिली वर्दी काटेसावरीची. तिचे पाच जाड पाकळ्यांचे लाल फूल धप्पकन आदळते, तेव्हा वर पाहावे, तर निष्पर्ण फांद्यांवर साळुंक्या, बुलबुल आणि कोतवाल यांची मधासाठी भांडणे जुंपलेली असतात. पळसाचा केशरी सडा दिसायला देखणा, पण त्याला गंध नाही. ती उणीव करवंदीच्या जाळ्या भरून काढतात. कुसुंबाने मात्र मला दर वर्षी फसवले आहे: लांबून लालभडक फुलोरा वाटावा, लगबगीने जवळ जावे आणि ती कोवळी पालवी निघावी!

चढ संपता संपता वाटेवर निळा-जांभळा चुरा पसरलेला दिसला, की अंजनी आली. तिची इवली फुले थेट जून फांद्यांना झुबक्यांनी लगडतात. याच सदाहरित गर्द झाडीत शेकरूचे राज्य आहे. १९८५ साली येथे अभयारण्य झाले, ते मुख्यतः या तांबूस खारीसाठी. तीही आधी खालीच कळते. कुरतडलेल्या सालींचे तुकडे डोक्यावर पडू लागले, म्हणून मी थांबलो, तर मागच्या पायांनी फांदीला उलटी लटकून, अंगापेक्षा लांब शेपटीने तोल सांभाळत, ती निवांत जेवत होती.

संध्याकाळी उतरताना सकाळच्या सावरीखाली एकही फूल उरले नव्हते आणि धुळीत खुरांच्या नाजूक खुणा होत्या. भेकराला सावरीची फुले आवडतात, हे ठाऊक असल्याने मी हरखून, अगदी गुडघे टेकून त्या न्याहाळू लागलो. पाठीमागून येणारा गुराखी थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “भेकर कुठलं, साहेब? आत्ताच माझ्या शेळ्या गेल्या इथून.”