आधी टाकी जुनी होऊ द्या

चेरी कोळंबीची, म्हणजे घरच्या काचेच्या टाकीत पाळतात त्या गोड्या पाण्यातल्या छोट्या कोळंबीची, पिल्लं वाढवायची असतील तर आधी टाकी जुनी होऊ द्यावी, असं माझं ठाम मत आहे. पाण्यातली अमोनिया आणि नायट्राइट ही विषारी द्रव्यं शून्यावर आली की टाकी तयार झाली म्हणतात. मोठ्या कोळंब्यांपुरतं ते खरंही आहे. पण नुकतं बाहेर पडलेलं पिल्लू जेमतेम दोन मिलिमीटरचं असतं. ते खाणं शोधत टाकीभर फिरत नाही, जिथे बसेल तिथेच चरतं. काचेवर, लाकडावर, मॉस या पाणवनस्पतीच्या काड्यांवर जिवाणू आणि शेवाळाचा जो बुळबुळीत थर हळूहळू साचतो, तेच त्याचं जेवण. म्हणून मी फक्त पुढची काच पुसते. बाकीच्या तीन काचांना हात लावत नाही.

माझी सगळ्यात आवडती वेळ म्हणजे मादी कात टाकते ती. त्याआधी तिच्या पाठीवर, डोक्याच्या जरा मागे, पिवळसर डाग दिसतो. ती आत तयार होत असलेली अंडी. कात टाकली की तिचा गंध पाण्यात पसरतो आणि एरवी शांत चरणारे नर टाकीभर सैरावैरा पोहत सुटतात. पुढे अंडी पोटाखाली येतात, वीस-तीस तरी असतात, आणि मादी पोटाखालचे पाय हलवून त्यांना सतत वारा घालत राहते. तीन-चार आठवडे हे चालतं. शेवटी शेवटी भिंगातून पाहिलं तर प्रत्येक अंड्यात डोळ्यांचे दोन काळे ठिपके दिसतात! मी तासन्‌तास बघत बसते.

चेरीचं पिल्लू जन्मतःच आईबापांची लहान प्रतिकृती असतं, म्हणून ती घरी वाढवता येते. अमानो कोळंबीही गोड्या पाण्यात अंडी धरते, पण तिच्या अळ्यांना वाढायला खारं पाणी लागतं. सुरुवात करणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

पाणी एकदम बदललं तर कोळंबी अवेळी कात टाकते, आणि त्यात अडकून मरतेसुद्धा. आठवड्याला दहा टक्के पाणी, तेही बारीक नळीतून थेंबथेंब, एवढं पुरतं. टाकलेली कात काढू नका, कोळंब्या ती खातात. फिल्टर स्पंजचाच हवा, दुसरे पिल्लांना आत ओढतात. माशांची औषधं वापरण्याआधी त्यात तांबं आहे का ते वाचा. थोडंसं तांबंही कोळंबीला मारतं. मासे तर मी या टाकीत ठेवतच नाही. ज्याच्या तोंडात पिल्लू मावतं तो ते खातोच.

राहिला रंगाचा प्रश्न. लाल, पिवळ्या, निळ्या चेरी एकाच जातीच्या आहेत. एकत्र ठेवल्या की काही पिढ्यांत बरीचशी पिल्लं रानटी तपकिरी निघू लागतात. मला ती तपकिरीही आवडतात, पण लाल रंग टिकवायचा म्हणून फिकट पिल्लं वाढली की मी त्यांना वेगळ्या टाकीत हलवते.