रिकामा डबा परत द्यायचा नसतो, म्हणून वाईनचे ट्रफल्स

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या आंटी मूळच्या मडगावच्या. लग्न होऊन नाशिकला आल्या त्याला तीसेक वर्षं झाली असतील, पण ख्रिसमसला घरात कुस्वार, म्हणजे ख्रिसमसचा फराळ, झाल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. २४ तारखेच्या संध्याकाळी त्या पत्र्याचा एक मोठा बिस्किटांचा डबा घेऊन दारात उभ्या असतात, आत नेवऱ्यो म्हणजे अगदी आपल्या करंज्यांच्या सख्ख्या बहिणी, दोदोल म्हणजे नारळाच्या दुधातला गुळाचा हलवा, कलकल म्हणजे तळलेले छोटे गोड शंख, पेराद म्हणजे पेरूची वडी, आणि बेबिंकाचे दोन मोठे तुकडे. बेबिंका म्हणजे एकेक थर भाजत बसायचं काम, अख्खी दुपार जाते त्यात.

आणि आमच्या आईने लहानपणापासून डोक्यात पक्कं बसवलंय की कुणाचाही डबा रिकामा परत करायचा नाही, काहीच नसेल तर मूठभर साखर घाल पण रिकामा देऊ नकोस. दिवाळीला आमचा फराळ त्यांच्याकडे जातो तो वेगळा, पण ख्रिसमसचा डबा परत करताना मी बरीच वर्षं त्यात दुकानातला चिवडा नाहीतर बाकरवडी भरून द्यायचे आणि दरवेळी मनाला लागायचं, की ही बाई आठ दिवस खपून एवढं करते आणि आपण पाकीट फोडून ओततो. तीन वर्षांपूर्वी ठरवलं की काहीतरी हाताने केलेलं, नाशिकचं आणि त्यांच्या सणाला शोभेल असं द्यायचं. त्यांच्या घरी ख्रिसमसच्या जेवणाला स्पार्कलिंग वाईन उघडतातच, आणि आपल्या गावात ती बनते, मग तीच चॉकलेटमध्ये घालून ट्रफल्स, म्हणजे आत मऊ असलेले चॉकलेटचे छोटे गोळे, का करू नयेत.

तर ही सगळी त्याचीच गोष्ट, कारण गेल्या वर्षी खाल्लेल्या पाच-सहा जणींनी रेसिपी मागितलीये आणि प्रत्येकीला व्हॉट्सॅपवर तुकड्यातुकड्यात सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून टाकते.

आधी वाईनबद्दल. शॅम्पेन हे नाव फक्त फ्रान्सच्या शॅम्पेन भागातल्या वाईनलाच लावता येतं, आपली ती स्पार्कलिंग वाईन, आणि त्यात कमीपणा काही नाही. महाराष्ट्रात हे काम १९८०च्या दशकातच नारायणगावला सुरू झालं होतं, तिथली मार्कीस द पोम्पादूर खूप जणांना आठवत असेल. नाशिकमध्ये सुला १९९९ला आली, मग २०१३मध्ये दिंडोरीच्या बाजूची शाँदों बाजारात आली, आपल्याला घ्यायची ती ब्रूट, म्हणजे अगदी कमी गोड असलेली. बाटलीत दुसऱ्यांदा आंबवलेली वाईन यीस्टच्या गाळावर महिनोन् महिने पडून राहते, त्यामुळे तिला ताज्या पावासारखा एक वास येतो आणि मागून हिरव्या सफरचंदासारखी आंबट चव. आपल्याला चॉकलेटमध्ये पकडायचाय तो हाच वास आणि हीच आंबट चव. बुडबुडे नाही! बुडबुडे वाईन गरम झाली की उडून जातात, ट्रफल जिभेवर फसफसेल अशी अपेक्षा ठेवून करू नका.

पहिल्या वर्षी मी काय केलं तर क्रीम आणि वाईन एकत्रच गॅसवर ठेवली. वाईन आंबट, क्रीम दुधाचं, पाच मिनिटांत पनीर करताना फाटतं तसं सगळं फाटलं. अडीचशे मिली क्रीम गेलं. दुसऱ्यांदा वाईन न आटवता चार चमचे तशीच गनाशमध्ये, म्हणजे चॉकलेट आणि गरम क्रीमच्या मिश्रणात, घातली, ते फाटलं नाही पण वाईनची चव नावालाही नव्हती, कारण वाईनमध्ये साधारण १२ टक्के अल्कोहोल आणि बाकी बहुतेक पाणीच असतं, चार चमच्यांनी काय होणार. जास्त घालावी तर गोळे वळत नाहीत. तेव्हा कळलं की वाईन वेगळी आटवायची, भरपूर आटवायची आणि गनाश झाल्यावरच घालायची. सगळी किल्ली यातच आहे, बाकी ट्रफल कोणीही करेल.

साधारण ४० नगांचं माप लिहून घ्या. ३०० ग्रॅम डार्क चॉकलेट, ५५ टक्के कोकोच्या आसपासचं. १०० मिली फ्रेश क्रीम. २५० मिली ब्रूट, जी आटवून ६० मिलीच करायचीये. ३० ग्रॅम बिनमिठाचं बटर, एक चमचा मध, चिमूटभर मीठ. वरच्या आवरणाला आणखी २५० ग्रॅम चॉकलेट आणि वाटीभर बिनसाखरेची कोको पावडर. अंडं नाही, जिलेटिन नाही.

चॉकलेट घेताना पाकिटाच्या मागचं नक्की वाचा. कोको बटर लिहिलं असेल तर ते खरं कूव्हर्चर, आणि कोको बटरच्या जागी वनस्पती तूप किंवा पाम तेल असेल तर ते कंपाऊंड. मला एका दुकानदाराने कूव्हर्चर म्हणून कंपाऊंडची लादी दिली होती आणि मी घाईत न वाचता आणली, ट्रफल्स दिसायला छान झाले पण टाळूला मेणासारखा थर चिकटून राहायचा. कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळतं, म्हणजे तोंडातल्या उबेने, म्हणून खरं चॉकलेट जिभेवर विरघळतं. आणि ७० टक्क्यांचं कडू चॉकलेट यासाठी घेऊ नका, मला एरवी तेच आवडतं पण इथे ते वाईनला पार गिळून टाकतं.

आता आटवणं. पातेलं स्टीलचंच घ्या, ॲल्युमिनियमचं नको, वाईनच्या आंबटपणाने धातूचा वास उतरतो. आधी रिकाम्या पातेल्याचं वजन काट्यावर करून कागदावर लिहून ठेवा, म्हणजे ६० मिली झाली का हे अंदाजाने ठरवावं लागत नाही, अधूनमधून पातेलं काट्यावर ठेवायचं, वजन साठ ग्रॅमने जास्त भरलं की गॅस बंद. पातेलं मोठं घ्या कारण गरम व्हायला लागली की ही वाईन दुधासारखी उतू जाते, एकदम पांढरा फेस वर येतो आणि बघता बघता काठावरून खाली. झाकण ठेवायचं नाही, चिमणी किंवा खिडकी उघडी, मंद ते मध्यम आच, तोंड पातेल्यावर न्यायचं नाही कारण पहिली वाफ डोळ्यांत झोंबते. पाच-सात मिनिटांनी तो तिखट वास जातो आणि घरभर उकडलेल्या सफरचंदाचा वास सुटतो, मग शेवटी शेवटी मधासारखा. रंग फिक्या सोन्यासारखा झाला की बास. त्यापुढे गेलात तर तपकिरी होते आणि कडसर लागते. साधारण पंधरा-वीस मिनिटं लागतात, तेवढा वेळ तिथेच उभं राहायचं, फोन नाही. (बाटलीतली उरलेली वाईन त्याच संध्याकाळी संपवावी, दुसऱ्या दिवशी तिच्यात दम राहत नाही.)

चॉकलेट सुरीने बारीक चिरायचं, कांदा चिरतो त्याहून बारीक. क्रीमला काठाला बुडबुडे येईपर्यंत गरम करायचं, खळखळ उकळवायचं नाही, मध घालून चॉकलेटवर ओतायचं आणि दोन मिनिटं हात लावायचा नाही. मग मधोमध स्पॅटुलाने लहान लहान गोल फिरवत जायचं, आधी सगळं फुटल्यासारखं दिसेल, घाबरू नका, क्रीम कमी असल्याने वेळ लागतो, अगदीच विरघळत नसेल तर खाली गरम पाण्याचं भांडं धरा. मधे एक चकचकीत ठिपका तयार होतो आणि तो हळूहळू बाहेर पसरत जातो, हे बघायला मला दरवर्षी तितकंच आवडतं. मग मऊ बटर, मीठ, आणि शेवटी कोमट झालेली वाईन, चमचा चमचा करून, प्रत्येक चमचा पूर्ण मिसळल्यावरच पुढचा. कडेला तेल सुटलेलं दिसलं तर चमचाभर कोमट दूध घालून जोरात फेटा, बहुतेक वेळा परत जुळून येतं.

एक गोष्ट मी नंतर वाचून शिकले, की युरोपात शॅम्पेन ट्रफल करणारे बरेच जण नुसत्या वाईनवर भिस्त न ठेवता मार्क वापरतात, म्हणजे वाईन काढून उरलेल्या द्राक्षाच्या चोथ्यापासून काढलेली ब्रँडी. आपण दोन छोटे चमचे द्राक्षाची ब्रँडी घालायची. गनाश हाताला कोमट लागेल इतपत निवल्यावर घाला म्हणजे वास उडत नाही. त्याने वाईनचा सूर एकदम वर येतो.

झाकून रात्रभर ठेवा. डिसेंबरात आमच्याकडे ओट्यावरच छान बसतं, निफाडकडून गार वारा आला की फ्रिज लागतच नाही, पण मुंबईत फ्रिज लागेल.

दुसऱ्या दिवशी वळणं. रव्याचे लाडू वळणाऱ्या बायकांना हे शिकवायला नको, फक्त सगळं उलटं करायचं. लाडू मिश्रण गरम असताना वळतो, हाताला चटके बसले तरी, कारण गार झालं की ते बसत नाही. इथे हात गार पाहिजेत. मी बर्फाच्या पाण्यात हात बुडवून, खडखडीत पुसून, चारपाच गोळे वळते की परत पाण्यात. आणि तळव्यात फार वेळ फिरवायचं नाही, दोनतीन वेढे, बास. बारा बारा ग्रॅमचे केले तर एका घासाचे होतात. थोडे वाकडे राहिले तर राहू दे, हे नाव मुळात जमिनीखाली उगवणाऱ्या ओबडधोबड ट्रफल अळंबीवरून पडलंय, गुळगुळीत असायची गरजच नाही.

आवरणाचं चॉकलेट टेंपर करायचं म्हणजे दोन तृतीयांश भाग गरम पाण्यावर ४५ अंशांपर्यंत वितळवायचं, उरलेलं चिरलेलं त्यात घालून ढवळत ढवळत ३१-३२ अंशांवर आणायचं. थर्मामीटर नसेल तर थेंबभर खालच्या ओठाला लावा, किंचित गार लागलं म्हणजे झालं. पाण्याचा एक थेंबही पडू देऊ नका, चॉकलेट आखडून त्याचा गोळा होतो. मग एका तळव्यावर चमचाभर चॉकलेट घ्यायचं, त्यात गोळा फिरवायचा आणि सरळ कोकोत टाकायचा. इथे दोघं लागतात, माझी मुलगी कोकोचं ताट हलवत बसते. आवरण पातळ हवं, दाताखाली पातळ काचेसारखं तुटावं आणि आत एकदम मऊ.

आता एक गंभीर गोष्ट. आटवल्यावर अल्कोहोल बरंच जातं पण सगळं जात नाही, वर ब्रँडी आहेच, त्यामुळे डब्यावर स्वच्छ अक्षरात लिहा की यात वाईन आहे. लहान मुलांना, गरोदर बाईला किंवा न पिणाऱ्या माणसाला न सांगता खाऊ घालणं हे मला अजिबात पटत नाही, 'एवढ्याशाने काय होतंय' हे आपण ठरवायचं नसतं. माझी आत्या माळकरी आहे. तिच्यासाठी मी आधी वेगळा घाणा करते, स्वच्छ भांड्यात, वाईनची बाटली उघडायच्याही आधी. त्यात नागपुरी संत्र्याचा रस असाच आटवून घालते, वर सालीचा कीस. खरं सांगू का, तिचे संत्र्याचे ट्रफल्स आमच्या घरात जास्त लवकर संपतात.

टिकतात फ्रिजमध्ये दहाएक दिवस, हवाबंद डब्यात, आणि खायच्या आधी वीस मिनिटं बाहेर काढायचेच, गारेगार खाल्ले तर वाईन लागतच नाही. पार्सलने पाठवू नका. बहिणीला पुण्याला पाठवले होते, गाडी कुठेतरी दुपारच्या उन्हात उभी राहिली असणार, तिने डबा उघडला तर आत एकच वडी. आता कोणी पहाटे निघणारं असेल त्याच्याच हाती देते.

पहिल्या वर्षी आंटींचा तोच बिस्किटांचा डबा मी घासूनपुसून, आत बटरपेपर लावून, चोवीस ट्रफल्स भरून घेऊन गेले. त्यांनी झाकण उघडलं, 'कितें गो हें?' म्हणाल्या, मी सांगितलं. एक तोंडात टाकला आणि काही न बोलता आत गेल्या, मला वाटलं बिघडलं काहीतरी. तर अंकलना हाताला धरून बाहेर घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "खाऊन बघ, आपली वाईन आहे यात, ओळखता येते." ओळखता येते म्हणाल्या! त्या फाटलेल्या क्रीमपासूनची सगळी मेहनत तिथेच फिटली.

तेव्हापासून तो डबा दोन्ही घरांमधे फिरतोय. गेल्या वर्षी ३१ तारखेला त्यांनी तो परत दिला तेव्हा आत पेरादच्या वड्या होत्या, म्हणजे चेंडू परत माझ्याकडे, मग संक्रांतीला मी त्यात तिळाच्या वड्या घालून दिला. सध्या तो त्यांच्याकडे आहे, २४ला येईल. माझी बाटली फ्रिजमध्ये आडवी पडलीये, चॉकलेट उद्या आणायचंय.